सुट्टीतली इस्त्री

प्रिय ठमाबाई,

काल फोनवर तुझ्या बाबांनी "ये, ये, उद्याच राजीनामा टाक" म्हणून एवढा आरडाओरडा केला की शेजारच्या केबिनमधल्या आजोबांनी भिंतीवर टकटक केली. तू मला विचारलंस, "आई, तू का गप्प? मी नोकरी सोडून दुकान घेतलं तर तुला काय वाटेल, ते सांग की." मी म्हटलं, आवाज तुटतोय, मग बोलू. आवाज अगदी खणखणीत येत होता. पण या केबिनमध्ये दोन पलंगांच्या मधे एक माणूस उभा राहील एवढीच जागा आहे आणि तिथे तुझे बाबा उभे होते, तोंडभर हसत. त्यांच्या त्या तोंडासमोर मला खरं काय ते सांगता येईना. आता ते जेवून आडवे झालेत आणि बोटीच्या इंजिनाशी पैज लावल्यासारखे घोरतायत, म्हणून लिहायला बसले आहे. टेबलाच्या खणात बोटीचा छान जाड कागद ठेवलेला असतो. लिहून झालं की पानांचे फोटो काढून तुला पाठवीन. ते मला येतं, बाबांना येत नाही, एवढं बरं आहे.

आधी बोटीची खबर. तू महिन्याची रजा काढून दुकानात उभी राहिलीस म्हणून आम्ही निघालो, नाहीतर लाँड्रीचं शटर खाली ओढून आम्ही दोघं कुठे गेलोय असं तुझ्या जन्मापासून झालेलं नाही. बोट मोठी आहे, जेवण रगड आहे, मला काही करावं लागत नाही. आणि तरी मी दमलेली आहे, ठमे. पहिले काही दिवस वाटलं, प्रवासाचा शीण असेल. मग लक्षात आलं की हा आत्ताचा नाहीच, हा साठलेला आहे. उभं राहायचं थांबलं तेव्हा तो एकदम वर आला. सकाळी उठून मी खिडकीशी बसते आणि पाण्याकडे बघते, आणि कोणी पोट भरून रडल्यावर बसतं तशी बसून राहते. रडलेले मात्र नाही, घाबरू नकोस.

तुझ्या बाबांचं विचारू नकोस. पहिल्या दिवसापासून ते रोज उठल्या उठल्या दोन्ही पलंगांच्या चादरी काढतात, कडेला कड लावून घड्या घालतात आणि उशीच्या खोळींसकट गठ्ठा दाराशी ठेवतात. केबिन आवरणाऱ्या माणसाला वाटलं, आम्ही नाराज आहोत. त्याने चादरी बदलल्या, बाबांनी परत काढल्या. शेवटी त्याचा साहेब फळांची परडी घेऊन माफी मागायला आला. बाबांनी त्याला हातवारे करून समजावलं की चादरी उत्तम आहेत, फक्त तुमची इस्त्री मधल्या पट्ट्यात कच्ची राहते. साहेब काय समजला कोण जाणे, संध्याकाळी आणखी एक परडी आली. मी हसून हसून लोळले. पण तेव्हाच मला जरा शंका यायला हवी होती.

आता त्या शहराचं सांगते, कारण सगळं तिथेच झालं. बोट समुद्र सोडून नदीत शिरली आणि काल सकाळी धक्क्याला लागली. नदी केवढी रुंद! पाणी चहात दूध जास्त झाल्यासारखं, त्यावर हिरवळीचे तुकडेच्या तुकडे वाहत चाललेले. संध्याकाळी पाचच्या आत परत या असं सांगून सगळ्यांना सोडलं. बाकीचे गार बसमध्ये बसून गेले. मला बस लागते, आणि बाबा म्हणाले, शहर बघायचं तर पायी. हातात नकाशा, डोक्यावर बोटीने दिलेल्या टोप्या, दोघंही सहलीला निघालेल्या शाळकरी पोरांसारखे. धक्क्याच्या फाटकातून बाहेर पडलो आणि उकाड्याने असा काही तोंडावर पंजा ठेवला की श्वास घ्यायला थांबावं लागलं. वारा नाही, पानही हलत नाही, आणि हवेत एवढी ओल की घाम वाळायचं नावच घेत नव्हता.

चालताना मी एकच अट घातली होती. नकाशावर नदीच्या एका वळणाला होडीची खूण होती. माणसांना या काठावरून त्या काठावर नेणारी साधी होडी. मला त्या होडीत बसून पलीकडे जायचं होतं. पलीकडे काय आहे ते नकाशावर नव्हतंच, नुसता हिरवा रंग होता. का जायचं होतं ते मलाही नीटसं सांगता येणार नाही. काही बघायचं नव्हतं, बसायचं होतं. बाबा म्हणाले, "जाऊ की, त्यात काय एवढं." मी खूश झाले.

शहर चांगलं होतं गं. जुनी दुमजली घरं, वरती लाकडी सज्जे, खाली कमानींची सावली. आम्ही सावली पकडून पकडून चाललो. संग्रहालय दुपारपर्यंत बंद होतं. घड्याळाच्या मनोऱ्यातलं घड्याळ बंद होतं. बागेतला माळी झाडाखाली पाइप उशाला घेऊन झोपला होता आणि पाइपातून पाणी आपलं वाहत होतं. मी ते सगळं बघत होते, आणि तुझे बाबा सज्ज्यांवरचे वाळत घातलेले कपडे बघत होते. "हा शर्ट खांद्याने टांगलाय, खांदे गेले बघ." "पांढऱ्याबरोबर लाल! काय म्हणावं या बाईला!" एका घराखाली तर ते थांबून मान वर करून इतका वेळ उभे राहिले की वरच्या बाईने खिडकी लावून घेतली. मी दंडाला धरून ओढून नेलं. माझ्या पायांचे तुकडे पडत होते, सँडलचा पट्टा घोट्यात रुतत होता, पण नदीचं वळण जवळ आलं होतं आणि गल्लीच्या टोकाला पाणी चमकताना दिसत होतं.

आणि मग तो वास आला. तुला माहीतच आहे कुठला. ओलं सुती कापड तापल्याचा, खळीचा, आणि त्यामागे जरासा करपल्याचा. आम्ही दोघंही एकाच वेळी थांबलो. कोपऱ्यावर एक लाँड्री होती, आपल्या दुकानापेक्षा थोडी मोठी, अर्धं शटर खाली ओढलेलं. आत बॉयलरशी एक बाई वाकली होती आणि काहीतरी ठोकत होती, आणि वाफेचा बारीक सूं सूं आवाज येत होता, जिथून यायला नको तिथून. तुझे बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "फक्त एक मिनिट." मी म्हटलं, होडी. ते म्हणाले, "होडी काय पळून जातेय?" आणि शटरखालून वाकून आत गेलेसुद्धा. बाहेरच्या उकाड्यात मेटाकुटीला आलेला माणूस त्याहून जास्त उकाड्यात आपणहून शिरताना मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

मी बाहेर थोडा वेळ फणफणत उभी राहिले, मग बसायला मिळेल म्हणून आत गेले. तोवर बाबांचं घड्याळ काढून खिशात गेलं होतं, बाह्या वर सरकल्या होत्या. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण बॉयलरच्या झडपेपुढे भाषा कोणाला लागते! ती बाई माझ्याच वयाची. तिने मला बघितलं, आधी माझ्या चेहऱ्याकडे आणि मग सरळ माझ्या पायांकडे, आणि काही न विचारता काउंटरमागचं स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. पाण्याची बाटली दिली. ती देताना तिचा हात पुढे आला तेव्हा मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, मला तो काळपट आडवा पट्टा दिसला. प्रेसची गरम कड लागून भाजतं तिथे. मी माझा हात उलटा करून तिला दाखवला. ती हसली नाही. तिने तोंडाने नुसतं 'च्च' केलं, जसं आपण लहान मुलाच्या खरचटल्यावर करतो, आणि परत बाबांना पाना द्यायला गेली. ते 'च्च' मला फार लागलं. माझ्या त्या हाताला आजवर कोणी 'च्च' केलेलं नव्हतं.

बसले. पंखा गरम हवा ढवळत होता. मी मनात मोजत होते की आता निघालो तर होडी, पलीकडे थोडा वेळ, आणि परत बोटीवर, सगळं जमेल. तेवढ्यात एक गडबडीतला माणूस आला, हातात बदामी रंगाचं जाकीट. ती बाई आणि बाबा दोघंही बॉयलरमागे बसलेले, कोणाला ऐकू गेलं नाही. त्या माणसाने जाकीट काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. आणि ठमे, मी उठले. खिसे तपासले, किल्ली निघाली, ती त्याच्यापुढे ठेवली. जाकीट उलटं केलं, अस्तर बघितलं. बाहीवर डाग होता, नाकाशी नेला, तेलाचा. त्याला डाग दाखवून मी मान अशी हलवली की जाईल पण खूण राहील, आणि त्याला ते कळलं, त्याने खांदे उडवले. हात बाजूला नेला तर आकड्यांच्या चिंध्या खिळ्याला लटकवलेल्या, आपल्याकडे असतात तिथेच. एक जाकिटाला टाचली, जोडीची त्याला दिली. तो गेला. मी समोरच्या ढिगातला पुढचा शर्ट ओढला, झटकला, कॉलर पसरली, आणि खाली बघितलं तर माझी पर्स मी पायाने काउंटरखाली ढकललेली होती. रोज ढकलते तशी.

मला कोणी सांगितलं नव्हतं गं. बाबांवर चिडून बसले होते ना मी, की या माणसाला सुट्टीतही चैन पडत नाही? आणि मी काय करत होते? आयुष्यातल्या पहिल्या मोकळ्या सुट्टीत, परक्या देशात, कोणा अनोळखी माणसाच्या कॉलरीवरचा मळ बघत उभी होते, आणि मला ते आवडतही नव्हतं, नकोसंही वाटत नव्हतं. हात चालले होते, एवढंच. मी तिथे नव्हतेच. मला एकदम भीती वाटली. म्हणजे खरीच भीती. मी शर्ट ठेवला, पर्स उचलली आणि बाबांना सांगितलं, "मी चालले होडीवर." ते बॉयलरमागून म्हणाले, "हो हो, आलोच."

आले नाहीत. मी एकटीच गेले. होडीत भाजीच्या टोपल्या होत्या, एक शिक्षिका वाटावी अशी बाई होती, कोंबड्या होत्या. मधल्या पाण्यात गेल्यावर जरा वारा लागला. पलीकडे, खरं सांगू, काहीच नव्हतं. एक उतार, दोन मोठी झाडं, लाकडी बाकं, लिंबूपाणी विकणारा एक म्हातारा. मी बाकावर बसले. सँडल काढल्या. कोणी माझ्याकडे काही मागितलं नाही. बाकावर माझ्या बाजूला एक म्हातारी बसली होती, तिचा ब्लाउज चुरगळलेला होता, आणि तो तसाच राहू दे असं मी मनाशी म्हणत होते. किती वेळ बसले ठाऊक नाही. होडीवाल्याने दोनदा हाक मारली तेव्हा उठले. तू लहान असताना दुकानात त्या गाठोड्यांवर झोपायचीस आणि शटर ओढायची वेळ झाली तरी उठायची नाहीस, अंग जड करून पडून राहायचीस. मला तसंच करावंसं वाटत होतं.

परत लाँड्रीत गेले तर बाबांना मी गेल्याचं कळलंच नव्हतं. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, नाकावर काळं, आणि डोळे असे चमकत होते! "अगं, वाफ आली बघ, वाफ आली!" त्या बाईने त्यांना टॉवेल दिला. त्यांना असं मी किती वर्षांनी पाहिलं असेन. राग कुठल्या कुठे गेला माझा. त्या माणसावर रागावता येत नाही, हीच तर माझी अडचण आहे. बोटीपर्यंत अर्धं पळत आलो, आणि सबंध वाटभर ते एकच बोलत होते: "ठमी दुकानात रमलीय, ती येणारच बघ, आता नवा बॉयलर घेऊ, मोठा, दोन प्रेस चालतील असा. एकावर तू, एकावर ती." मी धापा टाकत होते म्हणून बोलले नाही. आणि संध्याकाळी फोनवर तू विचारलंस.

ठमे, तू गेल्या आठवड्यात हसत हसत सांगितलंस ते मी विसरलेले नाही. म्हणालीस की रजेतही ऑफिसने एका बैठकीला फोनवर बसवलं, तर साहेब पडद्यावर काय बोलत होते ते तुला ऐकूच आलं नाही, तू त्यांची कॉलर बघत होतीस. बाबा ते ऐकून टाळ्या पिटत होते, "माझी लेक!" म्हणत होते. मीही हसले. तुला दुकानात मजा येतेय, हे खरंच आहे. लोक ओळखतात, डाग निघाला की खूश होतात, संध्याकाळी रांगेत टांगलेले कपडे बघून काहीतरी हातून झाल्यासारखं वाटतं. ते सुख खोटं नाही, मीही घेतलंय. याच दुकानावर तू शिकलीस, आपलं घर उभं राहिलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तू ऑफिसला विटलीस म्हणून इकडे येतेयस, हे तू बोलली नाहीस तरी आईला कळतं. ऑफिसला विटली असशील तर दुसरं ऑफिस बघ, दुसरं गाव बघ, काहीच करू नकोस थोडे दिवस. आमच्या दमण्यात येऊन तुझं दमणं कमी व्हायचं नाही.

बाबांचं म्हणणं मला ठाऊक आहे, आणि ते चूक नाही. तू आलीस तर दुकान राहील, नाही आलीस तर वर्षा-दोन वर्षांत पाटी उतरवावी लागेल, आणि पाटी उतरली की ते खचतील. ही भीती मलाही आहे. त्यांना दुसरं काही येत नाही, दुसरं काही आवडत नाही. आणि मला तू घरात हवी आहेस, इतकी की हे लिहिताना हात दोनदा थांबला. रोज संध्याकाळी तुझा आवाज घरात येईल, मला कोणीतरी चिडवेल, माझ्याशी कोणीतरी वाफ आणि झडपा सोडून दुसरं काही बोलेल. काल फोनवर 'हो, ये' म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा होतं.

तर उत्तर हे, म्हणून हे पत्र. येऊ नकोस. तू येणार म्हणून ते बॉयलर मागवतील, तू येणार म्हणून तुला शिकवायला मला पुढची काही वर्षं उभं राहावं लागेल, आणि मग एक दिवस मी नसेन आणि माझ्या जागेवर तू उभी असशील, आणि तुला आठवणारही नाही की तू कधी ठरवलं होतंस. मी ठरवलंय. इथून परत आल्यावर मी दुकानात पाय ठेवणार नाही. हे त्यांना अजून माहीत नाही. ते उठले की चहा घेताना सांगणार आहे. ते आधी हसतील, मग रुसतील, मग जेवणार नाहीत, आणि मग तुला फोन करून म्हणतील, "तुझ्या आईला समजाव." तुला आधी कळवते ते एवढ्यासाठीच. तेव्हा त्यांच्या आवाजाला भुलू नकोस, तो आवाज भलता गोड असतो, मी त्यालाच भुलून या दुकानात आले होते. त्यांना मी सांभाळीन, ते माझं काम आहे, तुझं नाही. हे वाचतेस तेव्हा तू काउंटरमागे असशील आणि समोर कोणीतरी गठ्ठा घेऊन उभं असेल. त्या गिऱ्हाइकाला सांग, आज बंद आहे. का म्हणून विचारलं तर सांग, आईने सांगितलंय.

तुझीच,
आई